अठराव्या शतकातलं युरोपीय घर आणि त्यातल्या वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या सहलीहून परत आलेली मंडळी फ्रान्सच्या राजांच्या व्हर्साय राजवाड्याचे फोटो दाखवतात आणि मग हळूच विचारतात, "पण एवढ्या सगळ्या सोनेरी नक्षीत ते लोक राहायचे कसे गं?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. काचेच्या कपाटातली प्रत्येक वस्तू कुणीतरी रोज हाताळलेली असते. ती कशासाठी केली होती, कोण वापरायचं, कोण उचलून पुसून ठेवायचं हे कळलं की नक्षीचाही अर्थ लागतो. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सजावटी कला म्हणजे नेमकं काय?

चित्रं आणि शिल्पं सोडून घरात लागणारी जी जी वस्तू कसबाने घडवली जाते ती सगळी: खुर्च्या, पलंग, कपबश्या, पडदे, आरसे, घड्याळं, चांदीची भांडी, भिंतीवरचा कागद. काही जण ‘उपयोजित कला’ म्हणतात. मला तोच शब्द जास्त पटतो, कारण यातलं बहुतेक सगळं आधी उपयोगाचं होतं, देखणं करण्याचा भाग नंतरचा.

पण अठरावं शतकच का?

आज आपण ज्याला घर म्हणतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी युरोपात या शंभर वर्षांत रुळल्या. जेवायची वेगळी खोली, सहज उचलता येणारं छोटं टेबल, कानाचा कप, छापील सुती पडदे, बटण दाबून नाही तरी दोरी ओढून नोकराला बोलावण्याची सोय. चीनचा चहा, भारताचं कापड, कॅरिबियन बेटांवरची साखर आणि लाकूड याच काळात तिथल्या मध्यमवर्गीय घरापर्यंत पोचलं.

चिनी मातीच्या भांड्यांचं युरोपला एवढं वेड का होतं?

कारण ती त्यांना करता येत नव्हती. चीनहून येणारी भांडी पांढरीशुभ्र, पातळ, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी, आणि उकळतं पाणी ओतलं तरी न तडकणारी. युरोपातला कुंभार साध्या मातीवर पांढरी झिलई चढवून तशी नक्कल करायचा. पण कडेचा टवका उडाला की आतली माती उघडी पडायची.

जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला तर या भांड्यांनी झपाटलंच होतं. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्या सैनिकांना ड्रॅगून म्हणत, म्हणून त्यातल्या मोठ्या बरण्या आजही ‘ड्रॅगून बरण्या’ म्हणून ओळखल्या जातात. सहाशे माणसं कुणाच्या तरी पदरी बांधून मातीची भांडी आणली, हे त्या बरण्यांसमोर उभं राहिल्यावर विसरता येत नाही.

याच ऑगस्टसच्या कैदेत योहान फ्रिडरिख बोटगर नावाचा तरुण होता. साध्या धातूचं सोनं करून दाखवतो अशी त्याची ख्याती होती, म्हणूनच राजाने त्याला धरून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही. मग चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली त्याला मातीच्या प्रयोगांना जुंपलं. वर्षानुवर्षं भट्ट्या पेटत राहिल्या आणि १७०८ मध्ये पांढरी, उजेड आरपार जाऊ देणारी चिनी माती हाती लागली. गुपित होतं ते केओलिन नावाच्या शुभ्र मातीत, तिला एकजीव करणाऱ्या खनिजात आणि जवळपास १४०० अंशांच्या आचेत. चिर्नहाउस त्याच वर्षी वारला. १७१० मध्ये माइसन गावात, टेकडीवरच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ल्यात अशासाठी की कृती बाहेर फुटू नये. तरी ती फुटलीच. दहा वर्षांच्या आत व्हिएन्नाच्या कारखान्याने माइसनची माणसं फोडली. बोटगर १७१९ मध्ये गेला, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

माती, दगडी माती, चिनी माती: फरक कसा ओळखायचा?

आपल्या स्वयंपाकघरातच तिन्ही सापडतात. माठ ही साधी भाजलेली माती. ती पाझरते, म्हणून तर पाणी गार होतं. लोणच्याची बरणी, वर तपकिरी आणि खाली फिकी, आपण तिला चिनी मातीची म्हणतो खरं, पण ती बहुतेकदा दगडी माती असते: जास्त आचेवर भाजलेली, न पाझरणारी, जाड, अपारदर्शक. माझ्या आजीची बरणी मी उलटी करून पाहिली आहे. बुडाच्या कडेला जिथे झिलई नाही तिथे बोटाला खरखरीत करडी माती लागते. आणि तिसरी खरी चिनी माती. पातळ कप उजेडासमोर धरा आणि पलीकडून बोट फिरवा. बोटाची सावली सरकताना दिसली तर ती चिनी माती. ऑगस्टसला हवी होती ती हीच सावली.

बोन चायनात खरंच हाडं असतात का?

हो. गुराढोरांच्या हाडांची राख. लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्याने १७४० च्या दशकाच्या अखेरीस मातीत ही राख घालायला सुरुवात केली आणि शतक संपता संपता जोसाया स्पोड याच्या कारखान्याने आजच्या बोन चायनाची कृती पक्की केली. त्यात राखेचं प्रमाण साधारण निम्मं असतं. माइसन आणि चीनच्या अस्सल चिनी मातीत मात्र हाडं नसतात.

माइसन आणि सेव्र यांत चांगलं कोणतं?

दोन्हींची जात वेगळी. माइसनची ताकद आकारात. योहान योआखिम केंडलर हा मुळात शिल्पकार होता. १७३७ ते १७४२ या काळात त्याने सॅक्सनीचे मंत्री काउंट ब्र्यूल यांच्यासाठी जो ‘हंस संच’ घडवला त्यात २,२०० हून अधिक नग होते. ताटल्यांवरसुद्धा शिंपल्यासारख्या रेषांवर हंस उठावात कोरलेले. जेवताना सूप संपलं की तळातून हंस वर यावा तसे.

सेव्रची ताकद रंगात. हा कारखाना १७४० मध्ये व्हँसेन इथे सुरू झाला, १७५६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र गावी हलला आणि १७५९ मध्ये लुई पंधराव्याने तो विकत घेतला. राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर ही कारखान्याची मोठी पाठीराखी. आकाशी निळा, गुलाबी, हिरवा असे रंग त्यांनी काढले, त्यांना तोड नाही. फ्रान्सकडे त्या वेळी केओलिन नव्हतं, म्हणून ते काचेच्या भुकटीसारखं मिश्रण घालून ‘मऊ’ चिनी माती करत. भट्टीत निम्मा माल वाकडा व्हायचा, सुरीचे ओरखडे उठायचे. पण रंग तिच्यात असे मुरायचे की बघत राहावं. पुढे १७६८ मध्ये लिमोजजवळ सँत-इरिए इथे केओलिन सापडलं. तिथल्या एका शल्यवैद्याच्या पत्नीला ती पांढरी माती कपडे धुवायला बरी वाटली, आणि तिथून शोध लागला असं सांगतात. रंग कुठून येतो याची नाही, पण माती कुठे सापडते याची नजर घर चालवणाऱ्या बाईलाच होती.

राजा दरवर्षी नाताळच्या सुमारास व्हर्सायमध्ये आपल्या खासगी दालनांतच सेव्रच्या नव्या मालाची विक्री मांडायचा. दरबाऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. मला विचाराल तर रोज हातात घ्यायला सेव्रचा कप, आणि तासभर बघत बसायला केंडलरचा हंस.

वेजवूडचं एवढं नाव का?

जोसाया वेजवूड याने राजाची भांडी दुकानदाराच्या टेबलावर आणली. तो इंग्लंडमधल्या कुंभारांच्या घराण्यातला. लहानपणी देवी आल्या, त्यातून गुडघा कायमचा दुखरा राहिला आणि १७६८ मध्ये पाय कापावा लागला. चाकावर बसून पायाने ते फिरवणं जमेना, तेव्हा त्याचं सगळं लक्ष मिश्रणांकडे, भट्टीच्या तापमानाकडे आणि विक्रीकडे वळलं. फिक्या सायीच्या रंगाची साधी, हलकी, टिकाऊ भांडी त्याने इतकी सुबक केली की १७६५ मध्ये राणी शार्लटने संच मागवला. लगेच त्याने त्या मालाला ‘राणीची भांडी’ असं नाव दिलं. कारखाना कालव्याच्या काठी बांधला, कारण खडबडीत रस्त्यावरून घोड्याच्या गाडीत भांडी फुटतात, पाण्यावर तरंगत नेली तर शाबूत पोचतात.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी १७७३-७४ मध्ये केलेला त्याचा संच ९५२ नगांचा होता. त्यावर इंग्लंडमधली १,२२२ खरीखुरी दृश्यं रंगवली होती आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक, कारण ज्या राजवाड्यात तो जायचा होता ती जागा बेडकांची दलदल म्हणून प्रसिद्ध होती. याच वेजवूडने १७८७ मध्ये बेड्यांतल्या गुलामाची आकृती असलेलं पदक घडवून गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला दिलं. त्याच्या चहाच्या भांड्यांतली साखर कुठून येते हे त्याला ठाऊक होतं.

कपाला पूर्वी कान नसायचा, हे खरं का?

खरं. चहा चीनहून आला तो वाटीसकट. कढत वाटी कडेला आणि बुडाला दोन बोटांनी धरून प्यायची. कान आधी कॉफी आणि चॉकलेटच्या उंच कपांना लागले, चहाच्या कपाला पुढे. बशी तेव्हा आजच्यापेक्षा खोलगट असायची, आणि तिच्यात ओतून निववून पिणारे लोक तिकडेही होते. आमच्या घरी आजोबा बशीत चहा ओतून फुंकर मारत प्यायचे, तेव्हा ही पद्धत फक्त आपली असं मला वाटायचं.

चॉकलेटसाठी तर खास बशी होती. तिच्या मध्यभागी छोटा कठडा, त्यात कप घट्ट बसायचा, म्हणजे बिछान्यात बसून पिताना हात थरथरला तरी सांडायचं नाही. लिओतार या चित्रकाराने १७४४ च्या सुमारास काढलेलं ‘चॉकलेट नेणारी मुलगी’ हे चित्र ड्रेस्डेनला आहे. पांढऱ्या एप्रनची मोलकरीण, हातात रोगण चढवलेला तबक, त्यावर कठड्याच्या बशीतला चिनी मातीचा कप आणि शेजारी पाण्याचा पेला. त्या पेल्यात खिडकीचा उजेड पडलेला दिसतो. मुलगी कपाकडे बघत नाही, सरळ समोर बघत चालते. रोज हेच काम करणाऱ्या माणसाची ती चाल आहे.

चहा महाग होता म्हणून चहाच्या पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली घरच्या मालकिणीच्या कमरेला. इंग्लंडमध्ये १७८४ पर्यंत चहावर ११९ टक्के कर होता. त्या वर्षी तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहाचा धंदा बसला. साखर मात्र कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या हाडांवर पिकत होती. १७९१ नंतर इंग्लंडमधल्या हजारो घरांनी ती साखर वापरणं सोडलं. त्यात पुढाकार बायकांचा होता, कारण घरात साखर आणायची की नाही हे त्या ठरवत.

सोनेरी नक्षीच्या पेटाऱ्याखाली ‘कमोड’ असं का लिहिलेलं असतं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस विचारतो. फ्रेंचमध्ये ‘कोमोद’ म्हणजे सोयीचं. १७०० च्या आसपास खणाखणांचं ठेंगणं कपाट निघालं, त्याला हे नाव पडलं. आधी कपडे पेटीत ठेवत. तळाची वस्तू हवी तर अख्खी पेटी उपसावी लागे. खण ओढला की झालं, ही सोय लोकांना इतकी भावली की तेच नाव झालं. पुढे इंग्रजांनी रात्रीचं भांडं लपवणाऱ्या खुर्चीवजा पेटाऱ्यालाही तेच सभ्य नाव दिलं, आणि आपल्याकडे पोचला तो फक्त दुसरा अर्थ. संग्रहालयातला कमोड म्हणजे कपड्यांचं कपाट.

मग शौचाची सोय काय होती?

भांडी. श्रीमंताघरी चिनी मातीची, गरिबाकडे कथलाची नाहीतर मातीची, आणि सकाळी ती रिकामी करणारी मोलकरीण. राजवाड्यांत भोक पाडलेल्या, मखमल लावलेल्या खुर्च्या होत्या. पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचं पेटंट १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतलं. खालच्या नळीला त्याने वाक दिला. त्या वाकात पाणी साचून राहतं आणि दुर्गंधी वर येत नाही. आजही तुमच्या बेसिनखाली तोच वाक आहे.

चित्रांत खुर्च्या भिंतीला टेकवून का ठेवलेल्या असतात?

कारण खोलीचा मध्य मोकळा ठेवायचा आणि गरज पडेल तसं सामान आणायचं, अशी रीत होती. फ्रान्समध्ये तर खुर्च्यांचे दोन प्रकारच होते. एक सपाट पाठीची, जी भिंतीच्या लाकडी नक्षीला जुळवून बसवलेली असायची आणि सहसा हलत नसे. दुसरी बाकदार पाठीची, हलकी, जी नोकर गप्पांच्या घोळक्यात आणून ठेवायचा. सपाट पाठीच्या खुर्चीची मागची बाजू अनेकदा साधीच असते. ती कुणाला दिसणार नव्हती.

जेवणाचंही तसंच. शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच फ्रेंच घरांत जेवणाची वेगळी खोली नव्हती. जिथे बसावंसं वाटेल तिथे टेबल मांडायचं. मधल्या दशकांत जेवणघर वेगळं झालं. त्याच सुमाराला माणसांना एकांत हवासा वाटू लागला. लुई पंधराव्याच्या शॉझी इथल्या वाड्यात वाढलेलं टेबल खालच्या मजल्यावरून यंत्राने वर यायचं, म्हणजे पाहुण्यांच्या गप्पा ऐकायला नोकर खोलीत उभा राहणार नाही. पण खाली ते यंत्र फिरवणारी माणसंच होती.

रोकोको आणि नवअभिजात शैली पटकन कशा ओळखायच्या?

रोकोकोत सरळ रेष सापडणं कठीण: शिंपले, वेली, फेसाळ लाटा, डाव्या-उजव्या बाजू मुद्दाम वेगळ्या. याचा बहर १७३० ते १७६०. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचं आणि १७४८ मध्ये पाँपेईचं उत्खनन सुरू झालं, रोमन घरं उघडी पडली आणि आवड पालटली: सरळ पाय, खाचांचे खांब, हार-तोरणं, दोन्ही बाजू सारख्या. टेबलाच्या पायाकडे बघा. वाकडा असेल तर आधीचा, सरळ असेल तर नंतरचा. हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो.

हे फर्निचर घडवत कोण होतं?

पॅरिसमध्ये कारागिरांचा संघ होता आणि त्याचे नियम कडक. भरीव लाकडाच्या खुर्च्या करणारा सुतार वेगळा, पातळ रंगीत लाकडं चिकटवून चित्रं साधणारा वेगळा, पितळी-कांस्य नक्षी ओतणारा तिसरा, सोन्याचा मुलामा देणारा चौथा. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. शतकाच्या मध्यापासून उस्तादाने आपल्या नावाचा शिक्का लाकडात ठोकायचा नियम झाला, म्हणून आज टेबल उलटं केलं तर कर्ता कळतो. या सगळ्यांकडून कामं करून घेऊन विकणारे व्यापारी निराळेच. फ्रेंच विश्वकोशाने त्यांचं वर्णन ‘सगळं विकणारे, काहीच न घडवणारे’ असं केलं.

यातले बरेच उस्ताद जर्मन भागांतून पोट भरायला आलेले. लुई पंधराव्याचं प्रसिद्ध मेज घ्या. ते १७६० मध्ये अबेन याने सुरू केलं. १७६३ मध्ये तो वारला. त्याच्या कारखान्यातल्या रीझनेरने काम पुढे नेलं, अबेनच्या विधवेशी लग्न केलं आणि १७६९ मध्ये ते पूर्ण केलं. किल्ली एकदा फिरवली की वरचं गोल झाकण सरकतं आणि सगळे खण मोकळे होतात. किल्ली राजाकडेच. पण दौतीत शाई कोण भरणार? त्यासाठी बाजूला असे छोटे खण ठेवले होते की नोकराला किल्लीशिवाय बाहेरून शाई भरता यावी आणि राजाचे कागद दिसू नयेत. अख्ख्या मेजात मला सगळ्यात बोलका वाटतो तो हा बाजूचा खण.

इंग्लंडमध्ये थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये आपल्या नमुन्यांचं चित्रमय पुस्तकच छापलं. कुठल्याही गावचा सुतार ते बघून खुर्ची करू शकत होता. लाकूड महोगनी. १७२१ मध्ये वसाहतींतल्या लाकडावरची जकात इंग्लंडने उठवली आणि जमैका, होंडुरास भागातून ते येऊ लागलं. तिथे झाडं तोडायला गुलाम होते.

ती नक्षी खऱ्या सोन्याची असते का?

वरचा थर खरा. कांस्याच्या नक्षीवर सोनं आणि पारा एकत्र घोटून लेप द्यायचा, मग आगीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. उडालेला पारा कारागिराच्या छातीत जायचा. हात कापू लागत, दात पडत, मुलामा देणारे लवकर मरत. हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

युरोपच्या पडद्यांचा आणि भारताचा काय संबंध?

फार जवळचा, आणि तो शब्दांतच आहे. आपली ‘छीट’ तिकडे चिंट्झ झाली आणि ‘पलंगपोस’ पालमपोर. कोरोमांडल किनाऱ्यावर, मछलीपट्टणच्या आसपास, कारागीर सुती कापडावर कलमाने वेलबुट्टी काढत. लाल हवा तिथे तुरटी लावून मुळांच्या रंगात उकळायचं. निळा हवा तर बाकीचं कापड मेणाने झाकून निळीच्या हौदात बुडवायचं. महिनोन्‌महिने काम. पण रंग धुतला तरी जात नसे, उलट खुलत असे. युरोपात असा पक्का रंग कुणाला जमत नव्हता. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या जेझुइट धर्मगुरूने इथल्या रंगाऱ्यांना विचारून विचारून ही कृती फ्रान्सला लिहून कळवली.

तिथले लोकर-रेशमाचे विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०१ पासून आयात रोखली आणि १७२१ च्या कायद्याने असं कापड वापरणंच बेकायदा केलं. त्याआधी १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरची छीट फाडली होती. तरी बायका ती मिळवत राहिल्या. कायद्याने बाहेर मिरवता येत नसे, म्हणून घरातल्या झग्यात, बिछान्याच्या पडद्यांत ती जपली.

डेव्हिड गॅरिक हा लंडनचा त्या काळचा सर्वांत मोठा नट. त्याच्या पत्नीच्या पलंगासाठी मछलीपट्टणच्या छिटीचे पडदे बंगालमधल्या व्यापाऱ्यांकडून भेट आले, आणि १७७५ मध्ये जकातवाल्यांनी ते जप्त केले. एवढ्या नामवंत माणसाला पडद्यांसाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. ते पडदे आणि तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पांढऱ्या कापडावरचं वळसे घेत जाणारं फुलझाड जवळून बघितलं की कलमाची रेष कुठे जाड, कुठे बारीक झाली ते दिसतं. त्या रंगाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

फ्रान्सची बंदी उठल्याबरोबर १७६० मध्ये ओबेरकाम्फ याने व्हर्सायजवळ जुई इथे छापखाना काढला. आज ‘फ्रेंच पद्धतीचे’ म्हणून विकले जाणारे गावाकडच्या दृश्यांचे एकरंगी पडदे तिथले. मूळ धडा मात्र आपल्या किनाऱ्यावरचा.

रात्री उजेड किती असायचा?

आपल्याला वाटतो त्याहून फारच कमी. झुंबरं रोज पेटत नसत. मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या महाग, त्या समारंभाला. रोजची मेणबत्ती जनावराच्या चरबीची: वास मारणारी, ओघळणारी, आणि दर थोड्या वेळाने वातीचं टोक कातरावं लागणारी. समईची वात सारणाऱ्या हातांना हे काम लगेच समजेल. इंग्लंडमध्ये १७०९ ते १८३१ मेणबत्त्यांवर कर होता. गरीब लोक लव्हाळ्याची सोललेली काडी चरबीत बुडवून जाळत. सेलबर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी हे मोजून ठेवलं आहे: सव्वादोन फुटांहून जरा लांब काडी ५७ मिनिटं जळली, आणि सगळ्यात हलक्या नाण्यात गरीब घराला साडेपाच तास उजेड मिळायचा.

आता सोनेरी नक्षीकडे पुन्हा बघा. आरसे, मुलामा, झुंबराचे पैलू, चकाकते रेशीम हे सगळं दोन-चार ज्योती दहापट दाखवण्यासाठी होतं. विजेच्या दिव्याखाली ते भडक दिसतं. ज्योतीच्या हलत्या उजेडात ते श्वास घेतं.

आणि थंडी?

फ्रान्स-इंग्लंडच्या उघड्या शेगडीची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जायची. पुढून भाजायचं, पाठ गारठायची. म्हणून उंच पाठीच्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ‘कान’ काढून आडोसा केलेल्या खुर्च्या आणि पलंगाला चारही बाजूंनी जाड पडदे. जर्मनी, रशिया, स्कँडिनेव्हियात टाइलच्या बंद भट्ट्या होत्या. स्वीडनमध्ये लाकूडटंचाईमुळे १७६७ मध्ये क्रोनश्टेट आणि व्रेडे यांनी धूर आत वरखाली फिरवणारी भट्टी बनवली. थोड्या लाकडात ती तासन्‌तास गरम राहते. कितीतरी जुन्या घरांत ती अजून उभी आहे.

हे सगळं श्रीमंतांचं झालं. साध्या माणसाच्या घरात काय होतं?

माणूस वारला की त्याच्या सामानाची यादी करत, त्या याद्या आजही वाचता येतात. पॅरिसच्या मजुराच्या घरी सगळ्यात किमती वस्तू म्हणजे पलंग, गादी-पडद्यांसकट. बाकी एखादं टेबल, वेताच्या किंवा गवताच्या खुर्च्या, लोखंडी भांडं, थोडं कथील. जसजसं शतक पुढे सरकलं तसतशी कथलाच्या जागी रंगीत मातीची भांडी, एखादा आरसा, कॉफीचं भांडं, सुती कपडे आले. नळ नव्हते, पाणी भिस्त्यांकडून विकत घ्यायचं आणि तांब्याच्या मोठ्या पिंपात साठवायचं. चित्रकार शार्दांने असं एक पिंप चित्रात रंगवलं आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे ते चित्र, अगदी लहान. तांब्यावरची लालसर झाक, खाली ठेवलेली बादली, बस्स. ‘मोना लिसा’च्या गर्दीतून सुटून तिथे जरूर जा.

व्हर्सायचं सामान लंडनमध्ये कसं दिसतं?

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला. १७,००० हून अधिक लॉट, म्हणजे एकेका बोलीला काढलेले गट. इंग्रज खरेदीदार टपलेलेच होते. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये असलं फ्रेंच फर्निचर फार उत्तम आहे, आणि प्रवेश मोफत.

युरोपला न जाता कुठे बघता येईल?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहात युरोपीय चित्रं आणि शोभेच्या वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंगमध्ये युरोपीय फर्निचर, काच आणि चिनी मातीची स्वतंत्र दालनं आहेत. एक पूर्ण दिवस ठेवा. गोव्यात चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा घरात झुंबरं, चिनी भांडी आणि कोरीव खुर्च्या राहत्या घरातच दिसतात.

दोन तलवारींचं चिन्ह असलं की माइसन अस्सल ना?

नाही. त्या चिन्हाची नक्कल अठराव्या शतकापासूनच होत आली आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने तर जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती करण्यातच नाव काढलं. चिन्ह शेवटी बघा; आधी वजन, पांढरेपणाची छटा, चित्रकाराचा हात.

संग्रहालयात वेळ कमी असेल तर नेमकं काय बघू?

वस्तूची न मिरवणारी बाजू. खुर्चीची पाठ, टेबलाचा खालचा कडा, खणाच्या कडा जिथे बोटांनी मुलामा झिजला आहे. आणि सेव्रच्या जेवणाच्या ताटल्या असतील तर कपाटाच्या काचेजवळ वाकून तिरक्या उजेडात बघा. मधोमध, फुलांच्या चित्रावर, सुरीचे बारीक बारीक ओरखडे दिसतील.